एअरो बारवरचे शिफ्टर बसवताना

ट्रायथलॉनची सायकल घरी आली, किंवा आहे त्या रोड बाइकला एअरो बार लावले, की पहिले काही आठवडे सगळं लक्ष पाठीकडे, मानेकडे आणि कोपराखालच्या पॅडकडे जातं. गिअरचे शिफ्टर दुकानातून जसे बसून आले तसेच राहतात. कुणाचा हात प्रत्येक गिअरला दोन इंच पुढे सरकतो, कुणाचं मनगट वाकडं होतं, कुणाची लिव्हर एका टोकाला गेली की बोटांना सापडतच नाही. हळूहळू या सगळ्याची सवय होते, आणि सवय झाली की अडचण अडचण वाटेनाशी होते. म्हणून सुरुवातीलाच सांगतो : हात जिथं सैलपणे विसावतो, तिथंच शिफ्टर यायला हवा. शिफ्टरकडे हात न्यावा लागत असेल तर मांडणी चुकली आहे, मग तो शिफ्टर कितीही महागाचा असो.

यामागचं कारण साधं आहे. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या पुढे गेलात की तुमच्या पायांची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि वेग वाढवायचा तर लागणारी ताकद जवळजवळ वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एअरो बारवर ओणवं होण्याचा सगळा फायदा त्या अवस्थेत टिकून राहण्यात आहे. गिअर बदलायला दर वेळी उठून बेस बारवर, म्हणजे मुख्य हँडलवर, यावं लागलं तर छाती वाऱ्याला भिडते आणि लय तुटते. शिवाय एक हात सुटलेला असताना सायकल डोलते. एअरो बारवर दोन्ही हात शरीराच्या मधल्या रेषेजवळ असतात. तिथं हँडलवर ताबा आधीच कमी, त्यात एक हात शिफ्टर शोधत असेल तर खड्डा चुकवणं कठीण होतं. आपल्या रस्त्यांवर ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

एअरो बार जगाला ठाऊक झाले ते १९८९च्या टूर द फ्रान्समुळे. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीला ग्रेग लेमाँड उतरला तेव्हा तो लॉरां फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता. एअरो बार लावून त्यानं ती पिछाडी भरून काढली आणि टूर ८ सेकंदांनी जिंकली. अमेरिकेतले ट्रायथलीट त्याआधीपासूनच असे बार वापरत होते. पण त्या काळात रोड सायकलींच्या गिअर लिव्हर सहसा चौकटीच्या खालच्या तिरक्या नळीवर असत. म्हणजे शरीर वाऱ्याखाली झुकवायचं आणि गिअरसाठी हात गुडघ्यांजवळ न्यायचा. ही गैरसोय ट्रायथलीटांना सर्वांत आधी टोचली. १९८७ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या स्रॅम कंपनीचं पहिलं उत्पादन, ग्रिप शिफ्ट, हे याच गैरसोयीवर शोधलेलं उत्तर होतं. पुढे सायक्लोक्रॉस आणि लांब पल्ल्याच्या सायकलींवर हँडलच्या टोकाला बसणारे बार-एंड शिफ्टर एअरो बारच्या टोकावर आले आणि तिथंच स्थिरावले.

आधी शरीर, मग शिफ्टर

फिट नक्की झाल्याशिवाय शिफ्टरला हात लावू नका. सीटची उंची, सीट पुढे-मागे, पॅडची उंची आणि रुंदी, हे सगळं आधी ठरवा. पॅड नेमकं कोपराच्या टोकाखाली नको. कोपराच्या थोडं पुढे, हाताच्या मांसल भागाखाली हवं. हे ठरलं, की सायकल ट्रेनरवर चढवा आणि अर्धा तास नेहमीच्या जोरानं चालवा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच आदर्श बसतात. घाम येऊ लागला, खांदे सैल पडले, की हात आपोआप आपल्या जागी जातात. तीच तुमची खरी जागा. डोळे मिटा, हात एअरो बारच्या नळीवर सैल सोडा आणि कुणालातरी अंगठ्याची आणि तर्जनीची जागा चिकटपट्टीनं नळीवर खुणावायला सांगा. शिफ्टरचं मोजमाप या खुणेपासून करायचं.

बार-एंड शिफ्टर नळीच्या टोकात घुसतो आणि त्याची लिव्हर टोकाच्या पुढे येते. हाताची पकड नळीवर असते आणि बोटं लिव्हरवर. त्यामुळे शिफ्टर बसल्यावर एकूण लांबी काही सेंटिमीटरनं वाढते. पुष्कळांचे हात ताणले जातात ते इथंच : नळी आधीच पूर्ण लांबीची, वर शिफ्टरची भर. उपाय दोन. पहिला, नळी क्लॅम्पमधून मागे सरकवणं. हा करून बघाच, कारण तो परतवता येतो. मात्र नळीचं मागचं टोक फार बाहेर आलं तर चढावर उभं राहिल्यावर गुडघा त्यावर आपटतो, आणि नळी क्लॅम्पमध्ये किमान जितकी जायला हवी तितकी आहे ना, हे कंपनीच्या खुणेवरून तपासावं लागतं. दुसरा उपाय म्हणजे नळी कापणं. कापलेली नळी पुन्हा जोडता येत नाही, म्हणून नव्या मापावर निदान दोन-तीन आठवडे सायकल चालवा, मगच करवत हातात घ्या, आणि एकदम कापण्याऐवजी थोडं थोडं कापा. ॲल्युमिनियमची नळी साध्या हॅक्सॉनं कापता येते. कापून झाल्यावर आतली-बाहेरची धार कानशीनं मोडा. कार्बनची नळी बारीक दात्यांच्या पात्यानं, कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून, पाणी मारत कापायची, आणि तोंडावर मास्क हवाच. कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही.

नळीच्या आकाराबद्दल थोडक्यात. सरळ नळीवर मनगट पुढे झुकलेलं राहतं. टोकाला वर वळलेल्या, म्हणजे स्की-बेंड किंवा जे-बेंड नळीवर मनगट बरंच नैसर्गिक राहतं. दोन वळणांची एस-बेंड या दोहोंच्या मधली. लांब अंतरासाठी मला स्की-बेंड सर्वांत हिताची वाटते, पण तिच्यात केबलला एक वळण जास्त बसतं, आणि या वळणाची किंमत पुढे मोजावी लागते.

तुमच्या सायकलला कोणता शिफ्टर चालेल

दुकानदार ‘बसेल’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा ‘नळीत बसेल’ एवढाच असतो. खरा प्रश्न आहे तो केबलच्या ओढीचा. शिफ्टरच्या एका क्लिकला केबल किती सरकते आणि तेवढ्या सरकण्यानं मागचा डिरेलर किती हलतो, हे दोन्ही जुळलं तरच गिअर नीट पडतात. शिमानोच्या रोड प्रकारात ८, ९ आणि १० गिअरच्या बहुतेक जुन्या मागच्या डिरेलरची ओढ एकच होती. ११ गिअरला ती बदलली. म्हणून १० गिअरचा बार-एंड ११च्या डिरेलरशी जुळत नाही. त्यातही टियाग्रा ४७०० ही मालिका १० गिअरची असूनही तिची ओढ नव्या मापाची आहे. स्रॅमची ओढ शिमानोपेक्षा निराळी. मायक्रोशिफ्टसारख्या कंपन्या शिमानोशी जुळणारे बार-एंड बनवतात, पण घेताना कॅसेटच्या गिअरची संख्या आणि डिरेलरचा मॉडेल क्रमांक, दोन्ही लिहून न्या. डिरेलरचा क्रमांक त्याच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो.

आपल्याकडे पुष्कळांची सायकल ही मुळात रोड बाइक असते, आणि तिच्यावर क्लिपनं बसवलेले एअरो बार असतात. तिचे शिफ्टर ब्रेकच्या लिव्हरमध्येच असतात. केबलवर चालणाऱ्या अशा सायकलीत साध्या मार्गानं एका डिरेलरला दोन शिफ्टर जोडता येत नाहीत. शिफ्टर वर न्यायचे तर ब्रेकच्या लिव्हर फक्त ब्रेकपुरत्या उरतात, आणि घाटात उभं राहून चढताना गिअरसाठी हात पुढे न्यावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे. तुमचा सराव ताम्हिणी, खंबाटकी, आंबोली अशा घाटांत असेल आणि वर्षाकाठी एखादीच सपाट शर्यत असेल, तर शिफ्टर ब्रेकच्या लिव्हरमध्येच राहू द्या. रस्ता बदलण्याआधी विचार करून गिअर टाकायची सवय लावली की एअरो बारवरून फार वेळा उठावं लागत नाही. सायकल मुख्यतः एकट्यानं, सलग, वाऱ्याशी झुंजत चालवायची असेल तर मात्र शिफ्टर वरच हवेत. गोव्यात २०१९ पासून होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये १.९ किलोमीटर पोहल्यावर ९० किलोमीटर सायकल असते, आणि दुसऱ्या सायकलीच्या आडोशाला राहण्याची परवानगी नसते. अशा ९० किलोमीटरमध्ये एअरो बारवरच्या शिफ्टरचा उपयोग पुरेपूर कळतो.

पुढे एकच दातेचक्र असेल तर डावा शिफ्टर लागतच नाही. मग डाव्या नळीच्या तोंडाला टोपण लावा. उघड्या तोंडाची नळी पडल्यावर अंगात घुसू शकते, आणि शर्यतीआधीच्या तपासणीतही अशी सायकल अडवतात.

बसवण्याचं काम

बार-एंड शिफ्टरचं शरीर आणि लिव्हर हे दोन वेगळे भाग असतात. लिव्हर काढल्याशिवाय आतला बोल्ट दिसत नाही. लिव्हरचा स्क्रू काढताना खाली पांढरं फडकं अंथरा आणि वॉशर ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं ओळीत मांडून ठेवा. फोटो काढलात तर अधिक चांगलं. शरीर नळीत सरकवलं, की आतला बोल्ट आवळल्यावर त्याचे तुकडे फाकतात आणि नळीला आतून धरतात. शिमानोच्या प्रचलित बार-एंडमध्ये हा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो : ६ मिलिमीटरची ॲलन की घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरवली की तो घट्ट होतो. हे ठाऊक नसलं तर माणूस ‘घट्ट होतच नाही’ म्हणत तो सैल करत राहतो, किंवा सैल करायला गेला की आणखी आवळून बसतो. कंपनीचा कागद वाचा आणि आकडा टॉर्क रेंचवर लावा. कार्बनच्या नळीत तर हे सक्तीचं समजा. फाकणारे तुकडे कार्बनला आतून दाबतात. जास्त आवळलं तर नळी चिरते, आणि चीर पट्टीखाली लपून राहते. कार्बनला ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा. तिच्यातल्या बारीक कणांमुळे कमी आवळूनही पकड बसते.

पूर्ण आवळण्यापूर्वी शिफ्टर कोणत्या कोनात फिरवून बसवायचा ते ठरवा. लिव्हर अगदी उभ्या प्रतलातच हलली पाहिजे असं नाही. हाताची मूठ सैल असताना अंगठा थोडा आतल्या बाजूला झुकलेला असतो, त्यामुळे शिफ्टर किंचित आत वळवून बसवला तर पुष्कळांना बरं पडतं. फार वळवला तर दोन्ही लिव्हर एकमेकींना लागतात. नळ्यांच्या मधोमध पाण्याची बाटली बांधत असाल तर ती लावूनच कोन ठरवा. नुसत्या सायकलवर जमलेली मांडणी बाटली आली की बिघडते. लिव्हर दोन्ही टोकांपर्यंत नेऊन पाहा. दोन्ही टोकांना मनगट न हलवता बोट पोचलं तर कोन बरोबर आहे.

डावं-उजवं यातला एक फरक मनात पक्का करा. उजव्या लिव्हरनं केबल ताणली की मागे चेन मोठ्या चक्रावर चढते आणि गिअर हलका होतो. डाव्या लिव्हरनं ताणली की पुढे चेन मोठ्या चक्रावर जाते आणि गिअर जड होतो. म्हणजे दोन्ही हातांची हालचाल एकच आणि परिणाम उलटे. थकलेल्या डोक्याला हे आठवत नाही, हाताला आठवावं लागतं. त्यासाठी ट्रेनरवर डोळे मिटून सराव करा.

डावा बार-एंड सहसा क्लिकशिवाय चालतो. नव्या माणसाला ही उणीव वाटते, पण हा त्याचा गुण आहे. मागचा गिअर बदलला की चेनची तिरकी रेषा बदलते आणि ती पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याला घासू लागते. अशा वेळी लिव्हर केसभर सरकवून आवाज बंद करता येतो. काही उजव्या लिव्हरवरही क्लिक बंद करण्याची छोटी कडी असते. डिरेलरला मार लागून गिअर उड्या मारू लागले तर ती कडी फिरवून, अंदाजानं गिअर टाकत शर्यत पूर्ण करता येते. तुमच्या शिफ्टरवर ती असेल तर घरी एकदा वापरून बघा.

केबलचा रस्ता

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. शिफ्टर नवा, डिरेलर नवा, तरी गिअर नीट पडत नाहीत, अशी तक्रार घेऊन जितक्या ट्रायथलॉन सायकली येतात त्यांतल्या बहुतेकींचं दुखणं केबलच्या रस्त्यात असतं. रोड बाइकपेक्षा इथं केबल लांब, वळणं जास्त, आणि अनेकदा सगळा प्रवास नळ्यांच्या पोटातून. प्रत्येक वळणावर आतली तार बाहेरच्या नळीला, म्हणजे आउटरला, घासते आणि हे घर्षण साचत जातं. एक तीव्र वळण चार सौम्य वळणांपेक्षा वाईट.

गिअरचं आउटर आणि ब्रेकचं आउटर वेगवेगळं असतं. गिअरचं साधारण ४ मिलिमीटर जाड, आत लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या तारा. त्या दाबल्या जात नाहीत म्हणून क्लिक नेमका पोचतो. ब्रेकचं ५ मिलिमीटरचं, आत स्प्रिंगसारखं वेटोळं. गिअरला ब्रेकचं आउटर लावलंत तर गिअर ढिले पडतील. ब्रेकला गिअरचं साधं आउटर लावलंत तर जोरात ब्रेक दाबताच ते फाटू शकतं, आणि ब्रेक जाईल. एअरो सायकलच्या पुढच्या भागात दोन्ही शेजारी शेजारी असतात, म्हणून हे ठळकपणे सांगतो आहे. आतली तारही गिअरची १.२ मिलिमीटरच्या आसपास आणि ब्रेकची त्याहून जाड असते. नेहमीची सुमारे दोन मीटरची गिअर केबल मोठ्या चौकटीच्या सायकलला कमी पडू शकते. एअरो बारसाठी किंवा टँडमसाठी मिळणारी लांब केबल आधीच मागवून ठेवा.

जुनी केबल ओढून काढण्यापूर्वी थांबा. चौकटीच्या पोटातून केबल जात असेल तर आधी जुन्या तारेवरून प्लॅस्टिकची बारीक नळी सरकवत दुसऱ्या टोकापर्यंत न्या, मगच तार काढा. मग नवी तार त्या नळीतून विनासायास जाते. हे न करता तार ओढली तर संध्याकाळ भोकातून तार शोधण्यात जाते. तसं झालंच, तर दोऱ्याचं टोक भोकात सोडून दुसरीकडून व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून घ्या. तारेला चुंबकानं हवं तिकडे नेणं हाही चांगला मार्ग आहे.

आउटर कापायला केबल कटरच हवा. साध्या पकडीनं तोंड चेपतं. कापल्यावर टोक कानशीनं सपाट करा, आतलं अस्तर बुजलं असेल तर सुईनं किंवा धारदार टोकाच्या आरीनं उघडा, आणि टोपी बसवा. लांबी ठरवताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. कुठंही ताण येता कामा नये, तसंच मोठा फुगा करून ते वाऱ्यात फडफडताही कामा नये. पॅडची उंची पुढे वाढवण्याचा विचार असेल तर तेवढी ढील आत्ताच ठेवा. आउटर एअरो नळीतून बाहेर पडतं ती जागा नीट बघा. बहुतेक वेळा काटकोनातलं वळण तिथंच सापडतं. थोडं लांब आउटर घेऊन वळण मोठं केलं की निम्मा त्रास संपतो. भोकाची कड धारदार असेल तर रबरी बूच घाला. नळीला भोकच नसेल तर आउटर नळीच्या खालच्या बाजूनं नेऊन त्यावर बारटेप गुंडाळा. दिसायला थोडं कमी सुबक, पण केबल सरळ जाते आणि पुढच्या वेळी बदलायला दहा मिनिटं पुरतात. ज्यांना सायकलची देखभाल स्वतः करायची आहे त्यांना मी हाच मार्ग सुचवतो.

गिअर लावून घेणं

सगळ्यात आधी डिरेलरचा हँगर सरळ आहे का ते मागून पाहा. बस, रेल्वे किंवा विमानानं सायकल गेली असेल तर तो हमखास संशयित. वाकड्या हँगरवर केबल कितीही ताणा, अर्धे गिअर लागतील आणि अर्धे कुरकुरतील.

मग केबल न जोडताच डिरेलरच्या मर्यादा ठरवणारे दोन स्क्रू बघा. एच लिहिलेला लहान चक्रासाठी, एल मोठ्यासाठी. एल ढिला राहिला तर चेन चक्र ओलांडून आऱ्यांत जाते, म्हणून तो हातानं डिरेलर आत ढकलून, पेडल फिरवत तपासा. आता उजवी लिव्हर केबल पूर्ण सैल पडेल त्या टोकाला न्या, चेन सर्वांत लहान चक्रावर ठेवा, डिरेलरजवळचा, केबलचा ताण कमी-जास्त करणारा बॅरल पूर्ण आत फिरवून दोन फेरे बाहेर घ्या आणि केबल हातानं ताणून बोल्ट आवळा. मग उघड्या तारेला मधेच धरून दोन-तीनदा जोरानं ओढा. आउटरची टोकं आपापल्या जागी बसतात. नव्या केबलला लोक ‘ताण आला’ म्हणतात ते बहुतांशी हेच बसणं असतं. सैल झालं असेल तर पुन्हा ताणून बोल्ट आवळा.

एक क्लिक द्या. चेन दुसऱ्या चक्रावर चढायला कचरत असेल तर बॅरल पाव फेरा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा, ताण वाढेल. तिसऱ्या चक्राला घासत असेल तर पाव फेरा घड्याळाच्या दिशेनं. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका.

आता खरी परीक्षा. मोठ्या चक्राकडे जाताना चेनला तुमचा हात ओढतो. लहान चक्राकडे परतताना मात्र फक्त डिरेलरची स्प्रिंग काम करते, तिच्या मदतीला कुणी नसतं. म्हणून हलक्या गिअरकडे जाताना चेन कचरत असेल तर ताण कमी आहे, बॅरलनं सुधारेल. जड गिअरकडे येताना ती उशीर करत असेल, क्लिक झाला पण चेन दोन पेडलनंतर उतरली असं होत असेल, तर बॅरलशी खेळू नका. ते घर्षण आहे. वळणं पाहा, आउटरची तोंडं पाहा, चौकटीच्या खाली पेडलच्या दांड्याजवळ केबल जिथून वळते तिथली माती काढा. एवढा एक फरक ओळखता आला तर दुकानाच्या निम्म्या फेऱ्या वाचतील.

बटणांचे शिफ्टर

इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये केबलचं घर्षण नाही, आणि बेस बारवर व एअरो बारवर दोन्हीकडे बटणं ठेवता येतात. उभं राहून चढताना एक जोडी, ओणवं असताना दुसरी. ट्रायथलॉनपुरतं बोलायचं तर या तंत्राचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. गिअर पडण्याचा वेग त्यापुढे किरकोळ.

रोड बाइकवर शिमानोचा डीआय२ संच असेल तर एअरो बारवरची जास्तीची बटणं जोडता येतात का, हे संचातल्या मोकळ्या जोडणीवर ठरतं. ११ गिअरच्या पिढीची वायर आणि १२ गिअरच्या पिढीची बारीक तोंडाची वायर एकमेकींत बसत नाहीत, अडॅप्टर लागतो. वायर नेहमी कंपनीच्या छोट्या प्लॅस्टिकच्या साधनानं दाबून बसवा, टिक असा आवाज येईपर्यंत. अर्धवट बसलेली वायर घरी चालते आणि खडबडीत रस्त्यावर सुटते. स्रॅमच्या संचात छोटी ब्लिप बटणं टोकावर किंवा बारटेपखाली कुठंही बसवता येतात. उजवं बटण जड, डावं हलकं, दोन्ही एकदम दाबली की पुढचा गिअर, अशी त्याची मूळ रचना आहे. ॲपमधून ती बदलता येते, पण बदललीत तर बेस बारवरही तशीच ठेवा. दोन जागी दोन तऱ्हा असतील तर घाईत चुकीचं बटण दाबलं जाणारच.

बटण नळीच्या अगदी टोकावर असेल तर सायकल ढकलत नेताना, ट्रान्झिशनमध्ये रॅकवर टेकवताना ते नकळत दाबलं जातं. सायकल उचलून ठेवल्यावर गिअर कोणता आहे हे एकदा बघण्याची सवय ठेवा. पेटीत भरताना बटण दाबलेलं राहिलं तर बॅटरी उतरते. स्रॅमच्या डिरेलरवरच्या बॅटऱ्या काढून विमानात हातातल्या सामानात न्या, आणि डीआय२ची बॅटरी वायरीपासून सोडवून ठेवा.

घाम, मीठ, पाऊस

एअरो बारवर ओणवं असताना कपाळाचा आणि हातांचा घाम थेट शिफ्टरवर आणि नळ्यांवर गळतो. ट्रेनरवर वारा नसतो, तिथं तर धारच लागते. त्यात मुंबई, कोकण, गोव्याची खारी दमट हवा. शिफ्टरचे स्क्रू, नळ्यांचे क्लॅम्प आणि टेपखालचं ॲल्युमिनियम आतून गंजतं, आणि वरून काही दिसत नाही. प्रत्येक ट्रेनर सत्रानंतर ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करा. पावसाळा संपला की बारटेप उलगडून नळ्या तपासा आणि आतली तार व आउटर दोन्ही बदला. केबल ही सायकलमधली सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे, तिच्यात काटकसर नको. शिफ्टरच्या तोंडाजवळ तारेचा एखादा धागा तुटलेला दिसला तर ती तार त्याच दिवशी बदला. लिव्हरच्या पोटात तुटलेल्या तारेची गुंडी काढणं फार त्रासाचं असतं.

आणखी एक गोष्ट, शिफ्टरइतकीच जवळची. ट्रायथलॉन सायकलचे ब्रेक बेस बारवर असतात. शिफ्टर कितीही सोयीचा बसला तरी वस्तीतून, उतारावर, गतिरोधकांच्या पट्ट्यांवर आणि सोबत्यांच्या घोळक्यात हात ब्रेकवरच हवेत. एअरो बार मोकळ्या, दूरवर दिसणाऱ्या रस्त्यासाठी आहेत.

शर्यतीच्या आठवड्यात शिफ्टरला, नळीच्या लांबीला किंवा केबलला हात लावू नका. बदल करायचा असेल तर तो महिनाभर आधी करा. नवी केबल टाकल्यावर किमान दोन लांब राइड करा, त्यानंतर बॅरल पुन्हा एकदा लावून घ्या, सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं तपासा, आणि मगच ती सायकल शर्यतीला न्या.